हिराच्या घरचं बिरडं

वज्रेश्वरीला भिवंडीहून एसटी जाते, रिक्षा जातात, ज्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली त्यांच्या नव्या गाड्याही जातात. सायकलने जाणारे त्या दिवशी आम्ही दोघेच होतो. दोघांपैकी एकाला आपण कशासाठी निघालोय हे पक्कं ठाऊक होतं. तो मी नव्हे.

मी निघालो होतो पोट कमी करायला. डॉक्टरांनी साखरेची भीती घातली होती आणि मी त्या धास्तीत एकवीस गिअरची लाल सायकल घेऊन बसलो होतो. मी मूळचा सांगलीकडचा. भिवंडीत एका सायझिंगमध्ये, म्हणजे लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावतात त्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. ज्यांच्या खोलीत भाड्याने राहतो ते नाना अंजूरचे. खाडीकाठची त्यांची बहुतेक जमीन गोदामांखाली गेली, मुलाने मोठी पांढरी गाडी घेतली, दारात टाइल्स आल्या. पण वर्षातून एकदा, माघातल्या एका शुक्रवारी, नाना माळ्यावरून आपली काळी सायकल उतरवत आणि वज्रेश्वरीला जात. गाडीतून जा म्हटलं तर मुलावर डाफरत.

"गारीत बसून गेलो तं देवीला काय दिसंल? टायर?" असं त्यांचं म्हणणं. पूर्वी चालत जायचे. गुडघे कुरकुरायला लागल्यावर सायकल आली, कारण तिलाही पायच लागतात.

मागणं एकच होतं. धाकटी लेक हिरा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, ठाण्याचे आणि मुंबईचे दवाखाने झाले होते, पाळणा हलला नव्हता. "या खेपेला तू पन चल रं सांगलीकर," नाना म्हणाले. "तुजी ती बावीस दातांची सायकल मना बगायची हाय चढावर."

"एकवीस गिअर, नाना."

"त्येच त्ये."

नदीनाका

शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. इतर दिवशी या गावात पहाटेलाही खटखट चालूच असते, आणि ती इतकी अंगवळणी पडते की शुक्रवारी सकाळी गल्लीतून सायकल काढताना काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. हॉटेलांच्या बाकांवर कामगार पाय वर घेऊन चहा पीत बसले होते. माझी सायकल पाहून एकाने विचारलं, "चाचा, रेस है क्या?" नाना म्हणाले, "हां, मेरे साथ," आणि घंटी वाजवत पुढे गेले.

कामवारी नदीच्या पुलावर थंडी होती. नानांच्या सायकलच्या दांड्याला एक कापडी पिशवी, मागे कॅरिअरला ओटीचं सामान बांधलेलं, आणि हँडलच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक डबा. मी म्हटलं, "एवढं पाणी कशाला? वाटेत हिराचं गाव आहेच की."

नानांनी घंटी वाजवली. शेलार गाव मागे पडल्यावर, वाडा रस्त्याचे ट्रक टाळून आतल्या गावरस्त्याला लागल्यावर म्हणाले, "तिच्याकरचं चालत न्हाय."

लेकीला मूल होत नाही तोवर बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा रिवाज. आमच्या सांगलीकडेही होता. आजोबांच्या तोंडून मी तो ऐकला होता, आणि आता कुणी पाळत असेल असं मला वाटत नव्हतं. अंजूरलाही सगळे पाळतातच असं नाही. नाना पाळत होते. सुरुवातीला सगळे पाळतात म्हणून पाळला, एखाद्या वर्षात सुटेल म्हणून पाळला. मग वर्षं वाढत गेली आणि तो सोडायला जागाच राहिली नाही, कारण सोडणं म्हणजे आता होणार नाही असं बापानेच कबूल करणं.

हे त्यांनी एवढं सविस्तर सांगितलं नाही. चढ लागला होता, दम लागला होता. "आज सोडला तं पोरीला काय वाटंल?" एवढंच म्हणाले. बाकीचं मी मागाहून जुळवलं.

आतला रस्ता

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांनी माघातच पाहावा. भात कापून झालेली खाचरं, कोरडी आणि भेगाळलेली. त्यांतच जिथे ओल शिल्लक असेल तिथे वालाचे हिरवे तुकडे. बांधावर पळस, पानं गळालेला आणि भडक. मधे मधे वीटभट्ट्यांचा धूर. मोटारसायकल आली तर दूरवरून ऐकू येते, आणि जवळ आली की चालवणारा हात वर करतो, कारण नाना त्याच्या बापाला ओळखत असतात.

नानांची रीत अशी की प्रत्येक गावात कुणाशी तरी दोन वाक्यं बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी पुढे जाऊन थांबायचो, गिअर बदलून दाखवायचो, आणि ते हातातली विडी विझवून आरामात येऊन मला मागे टाकायचे. चढावर मी खरंच उतरलो. नाना उतरले नाहीत. उभ्याने पॅडल मारत, सायकल डावी-उजवीकडे झुकवत वर गेले आणि माथ्यावर थांबून म्हणाले, "एकवीसातला कंचा लावला व्हता?"

हिराच्या गावाचा फाटा आला तेव्हा ती रस्त्यालाच उभी होती. दर वर्षी असंच ठरलेलं. नानांनी फाट्यावर थांबायचं, नानीने दिलेली पिशवी तिच्या हातात द्यायची, चार शब्द बोलायचे आणि पुढे जायचं. घरापर्यंत जायचं नाही, म्हणजे नाही म्हणण्याची वेळ येत नाही. तिशीतली, नानांसारखीच लांब बोटांची, हिरव्या पातळाचा पदर कमरेला खोचलेली हिरा. माझ्याकडे बघून हसली, नानांच्या पाया पडली, आणि माझ्या सायकलच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "दादा, हवा गेली की."

बाभळीचा काटा. पंक्चरचं सामान माझ्याकडे होतं, ते वापरायचं कसं ते ठाऊक नव्हतं. नानांना होतं, पण त्यांना ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं हवं होतं. घमेलं म्हणजे घरी जाणं.

"चला," हिरा म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला की मला पंक्चरची लाजच वाटेनाशी झाली.

हिराचं घर

घर लहान, कौलारू, पुढे सारवलेली ओटी. तिचा नवरा टेम्पोवर ड्युटीला गेलेला, सासू शेतावर. नाना अंगणात चाक उघडून बसले, घरात आले नाहीत. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना ते हिराशी बोलत होते. आईचे पाय कसे आहेत, भावाची गाडी, कुणाचं लग्न. दोघं छान बोलत होते. मग हिरा आत गेली आणि दारात येऊन म्हणाली, "बाबा, बिरडं केलंय."

नानांनी ट्यूबवरून मान वर केली नाही.

"थोरं खा. कोनी बगत न्हाय."

"बगत न्हाय म्हनून खायाचं काय?" नाना म्हणाले. आवाज कडक नव्हता. "सांगलीकरला वाढ. त्याला भूक लागली असंल, चढावर चालत आलाय तो."

बिरडं काय असतं हे आमच्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. वाल रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल दोन बोटांत दाबून साल काढायची. एकेक. घरात चार माणसं असली तर बायका गप्पा मारत सोलतात. एकटीने करायचं तर दुपार जाते. म्हणजे शुक्रवारच्या बिरड्यासाठी हिराने मंगळवारीच वाल भिजवले होते, आणि बाप फाट्यावरूनच परत जाणार हे तिला माहीत असताना भिजवले होते.

"दर वर्साला करते," मला वाढताना ती म्हणाली. "आमचे हे खातात मग."

मी जेवलो. तांदळाची भाकरी, बिरडं, आंब्याचं लोणचं. वाल अख्खे राहिले होते आणि जिभेवर लोण्यासारखे विरत होते. नारळाचं वाटण, कोकमाचा आंबट आणि गुळाचा कणभर गोड. मी दुसऱ्यांदा मागितलं, तिसऱ्यांदाही. दारातून मला नानांची पाठ दिसत होती. ट्यूबला पॅच बसला होता, तरी ते तो दाबून धरून बसले होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्याकडे बोलण्यासारखं होतं, ते पुढे येईलच. पण मी पाहुणा, भाडेकरू, परक्या भागातला. दुसऱ्याच्या घरच्या रिवाजात तोंड घालणारा मी कोण, असं मी स्वतःला सांगितलं आणि चौथी भाकरी घेतली. आजही त्या भाकरीची आठवण आली की मला स्वतःचा राग येतो.

निघताना नाना आपल्या बाटलीतलं पाणी प्याले. हिराने ते पाहिलं आणि पदर सारखा केला.

पुन्हा रस्त्याला लागल्यावर नाना मागे राहिले. मग माझ्या बाजूला येऊन विचारलं, "गूल टाकला व्हता?"

"थोडा."

"आनि मिरची?"

"हिरवी. बेताची."

"तिच्या आजीवानी करते," ते म्हणाले आणि पुढे गेले.

वज्रेश्वरी

देऊळ टेकडीवर, किल्ल्यासारख्या तटात. पायऱ्यांच्या दुतर्फा नारळ, खण, बांगड्या, पेढे. शुक्रवार म्हणून गर्दी, पण रेटारेटी नाही. आमच्याकडच्या जत्रांत कोपर मारून पुढे जावं लागतं, इथे लोक बायकांना वाट देत होते. मी कुलुपाची किल्ली घरी विसरलो होतो हे मला पायथ्याशी आठवलं. एवढी महागाची सायकल उघड्यावर सोडवेना. तेव्हा आधी नानांनी जायचं आणि मी दोन्ही सायकली राखायच्या, मग मी, असं ठरलं.

नाना नव्या धोतरात, हातात ओटीचं ताट घेऊन पायऱ्या चढले. बराच वेळ आले नाहीत. मी उसाचा रस प्यायलो आणि बांगड्यावालीशी दरावरून उगाच वाद घातला. मी वर असतो तर काही बिघडलं नसतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या शेजारी उभा असतो तर निदान ऐकलं असतं.

खाली आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. ओटीतला नारळ प्रसाद म्हणून परत मिळाला होता, तो त्यांनी उपरण्यात बांधला होता.

"झालं मनासारखं?" मी विचारलं.

"या खेपेला नीट बोललो," ते म्हणाले. "निस्तं मागून न्हाय आलो."

मला त्याचा अर्थ कळला नाही, आणि मी विचारलाही नाही. मी दर्शनाला गेलो. वरून तानसा नदीचं पात्र दिसतं, उन्हात चकचकणारं, आणि पलीकडे डोंगर. फार सुंदर दिसतं. मी तिथे रेंगाळलो.

अकलोलीची कुंडं

अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. पाण्याला गंधकाचा वास, कडेला शेवाळ, आणि पाय बुडवला की जीव जातो इतकं गरम. एका कुंडाच्या काठावर बसून हळूहळू पाय आत सोडायचे. नाना सरावलेले, एकदम उतरले. मी बोटं बुडवायची, काढायची, असा पोरखेळ करत होतो. शेजारी वसईकडचे दोन म्हातारे मानेपर्यंत पाण्यात बसून मासळीच्या भावाबद्दल बोलत होते.

चढ उतरलेला, दर्शन झालेलं, गुडघे शेकले जातायत. अशा वेळी माणूस बोलतो. मी सकाळी न बोललेलं बोललो.

माझ्या बहिणीलाही लवकर मूल झालं नव्हतं. आई पहिल्यांदा तिच्या घरी गेली ती अकरा तास एसटीने, आणि सोबतचा डबा वाटेत आंबला. बहिणीने ताट वाढलं. आईने ताटाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "मला भूक लागलीय." आणि जेवली. पोटभर. वडिलांनी घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "माझ्या लेकीनं केलं होतं, ते टाकायचं होय?" पुढे बहिणीला दोन मुलं झाली, तो भाग वेगळा. पण बहीण अजून सांगते की त्या घरात तिला आपलं वाटायला लागलं ते आईने ताट पुसून खाल्लं त्या दिवसापासून.

नाना ऐकत होते. पाण्यावरचा हात थांबला होता.

"तुजी आई अशी बोलली? भूक लागली म्हनून?"

"हो."

"आनि तू मना ह्ये आता सांगतंस?"

मला वाटलं ते चिडले. चिडले नव्हते. काठावर चढले, धोतर पिळलं, आणि तोंड पुसता पुसता म्हणाले, "चल. ती तीन दिस वाल सोलत बसली आसंल. मी आज जेवतंय तिच्याकरं."

अशी भन्नाट सायकल मी आयुष्यात हाकली नाही. नाना पुढे, मी मागे, परतीचा रस्ता बराचसा उताराचा. त्यांनी आपला डबाही उघडला नव्हता; भूक राखून ठेवली होती. वाटेत एकदा मागे वळून ओरडले, "उरलं आसंल ना रं?" मी ओरडलो, "मी सगळं नाही खाल्लं!" आणि दोघेही हसलो. त्या दिवसातली तेवढीच पाच-सहा मैलांची वाट मला निखळ आनंदाची म्हणून आठवते.

पुन्हा ओटीवर

उन्हं कलली होती. हिरा ओटीवर सूप घेऊन बसली होती. नाना अंगणात थांबले नाहीत. सायकल कुडाला टेकवली, पाय धुतले आणि सरळ आत जाऊन म्हणाले, "वाढ गो बाय. भूक लागली."

ती उभीच राहिली. मग धावली. पाट मांडला, ताट पुसलं, चुलीवर बिरडं गरम करायला ठेवलं. मी दारात बसलो. घरभर वास पसरला. नाना पाटावर मांडी घालून बसले, आणि ताट येण्याआधी त्यांनी उपरण्याची गाठ सोडून नारळ तिच्या पदरात घातला. दर वर्षी तो परतताना फाट्यावर देत असत.

तिनेही दर वर्षीचाच प्रश्न विचारला. बिरडं वाढून, ताट त्यांच्या पुढ्यात ठेवता ठेवता, हसत. "काय बोललात देवीला माज्यासाठी?"

देवीच्या दारातून आलेला माणूस, पदरात नारळ टाकलेला. खोटं बोलता येईना.

"बोललो..." ते थांबले. "बोललो, देवी, नुसता रिवाज म्हनून न्हाय, आता तुज्या नावानं नवस बोलतंय. हिराची कूस उजवल्याबगर तिच्या घरचा घास माज्या तोंडात जायाचा न्हाय."

मला तेव्हा देवळाच्या पायथ्याशी ते बोलले त्याचा अर्थ कळला, आणि कुंडावरच्या "आता सांगतंस?"चाही. सकाळी लेकीला नाही म्हटल्याचं त्यांना लागलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्याचाच नवस केला होता. सकाळपर्यंत तो रिवाज होता. मोडला असता तर चार लोक बोलले असते, विसरले असते. आता तो शब्द होता, देवीला दिलेला, आणि लेकीच्या नावावर. तो मोडून देवीची माफी मागायची असं ठरवूनच ते कुंडावरून निघाले होते.

हिराने ताट उचललं.

"हिरा," नाना म्हणाले, "देवी आईच हाय. तिला कलतंय. मी माफी मागंन, परत जाऊन मागंन, उद्याच्या उद्या—"

"न्हाय बाबा." ती रडत नव्हती. "तुमी माज्यासाठी बोललाव. मी कशी मोडू? मंग उद्या काय झालं न्हाय, तं मी काय म्हनू? भाकरी खाल्ली म्हनून?"

सकाळी मी गप्प बसलो नसतो तर त्या पाटावर ते जेवले असते. कुंडावर मी बोललो नसतो तर निदान आपल्या हाताने बापाचं ताट उचलायची वेळ तिच्यावर आली नसती. मी दोन्ही वेळा चुकलो.

नाना पाटावरून उठले नाहीत. थोड्या वेळाने मला म्हणाले, "डबा आन रं माजा." मी आणला. नानीच्या हातच्या दोन भाकऱ्या, सकाळपासून उन्हात फिरलेल्या, कडांना वाळलेल्या, आणि सुकी चटणी. हिराच्या घरात, हिराने मांडलेल्या पाटावर बसून ते त्या खाऊ लागले. ती समोर भिंतीला टेकून बसली आणि बघत राहिली. बाप आपल्या घरात जेवतोय, एवढं तरी तिने पाहून घेतलं.

"मीठ तरी दे गो चिमूट," ते हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले.

"मीठ पन अन्नच," ती म्हणाली, आणि दोघांनीही मान खाली घातली.

परत

निघताना तिने उरलेलं सगळं बिरडं एका डब्यात भरून मला दिलं. "दादा, तुमाला आवरलं ना बिरडं. न्या." मी नको म्हणू शकलो नाही.

तो डबा माझ्या हँडलला लटकत होता आणि नाना माझ्या बाजूने सायकल चालवत होते. झाकण घट्ट नव्हतं. वीटभट्ट्यांच्या धुरातूनही नारळाचा आणि कोकमाचा वास येत होता. मी पुढे गेलो की त्यांच्या अंगावर वास, मागे राहिलो की वाईट दिसेल. काय करावं ते कळेना, तसाच बाजूने चालवत राहिलो. शेलारला चहा घेतला.

कामवारीच्या पुलावर दिवे लागले होते. नाना उतरले, सायकल कठड्याला लावली.

"डबा उघर."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"खात न्हाय रं. उघर निस्ता."

मी झाकण काढलं. पुलाच्या दिव्याखाली त्यांनी डबा दोन्ही हातांत धरला आणि चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन, बराच वेळ पाहिला. मग आपल्या हाताने झाकण लावलं आणि डबा मला परत दिला.

"बराबर सोललाय," ते म्हणाले. "एकाला पन साल न्हाय."